काठ धर

२०२३ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. वय मी अंदाजानं सांगत नाही, शाळेच्या दाखल्यावर आहे तेच सांगतो. शाळेचा मला झालेला उपयोग तेवढाच. चौथीत मास्तरांनी मारलं म्हणून मी दप्तर विहिरीत टाकलं. वडिलांनी त्याच्यामागं मला टाकलं. दप्तर वर आलं नाही, मी आलो.

तेव्हापासून पाण्याशी माझं जमलं ते कायमचं. मोठा झाल्यावर शेती केली, पण आमच्या भागात मला ओळखत ते फुटबॉल काढणारा म्हणून. विहिरीत मोटरीच्या नळाला खाली पाण्यात एक झडप असते, तिला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात. तिच्यात पालापाचोळा अडकला की पाणी चढत नाही, आणि मग कुणीतरी बुडी मारून ती साफ करायची. जुन्नरपासून मंचरपर्यंत किती विहिरींच्या तळाला मी हात लावलाय, मलाच आठवत नाही. विहिरीतून माणसंही काढलीत. त्याच्याबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की बुडणारं पोर ओरडत नाही. लोकांना वाटतं ओरडतं, हात हलवतं. तसं काही नसतं. ते गप होतं. पोराच्या आधी ते काठावरच्या माणसाला कळतं.

घोडेगावच्या अलीकडं एका बागायतदारानं मंगल कार्यालय बांधलं, आणि त्याच्यामागं हौसेनं पोहण्याचा तलाव बांधला. लग्नाची माणसं त्यात उतरेनात. नऊवारी नेसून कोण उतरणार? मग तिथं क्लब निघाला. पोरांना शिकवायला माणूस पाहिजे म्हणून मला बोलावलं. मी म्हणालो, "शिकवीन, पण माझ्या पद्धतीनं." पद्धत काय, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितली नाही.

पुढं पोरं स्पर्धेला जायला लागली, तेव्हा पुण्यात शिकून आलेली एक तरुण बाई आली. पोरं तिला मॅडम म्हणायची, मी बाई म्हणायचो. बाई हुशार. हात पाण्यात कुठून घालायचा, श्वास कधी घ्यायचा, भिंतीला पाय मारून कसं वळायचं, हे तिचं काम. घड्याळ तिच्या गळ्यात. मी काठावर. आमची रोज भांडणं व्हायची, पण पोरांसमोर नाही. पोरं आली की आम्ही दोघंही एकदम सासरी आल्यासारखे गोड.

विहिरीत शिकून आलेल्या पोरांचा एक वेगळाच प्रकार होता. विहीर गोल, म्हणून ती पोरं गोल पोहायची. सरळ पट्टीत सोडली की थोडं पुढं जाऊन डावीकडं वळायची आणि दोरीवर जाऊन आदळायची. बाई डोक्याला हात लावायची.

"बाबा, हे असं का करतात?"

"विहिरीला कोपरा नसतो बाई. कोपरा दिसला की पोर बावरतंय."

तर माझी पद्धत. तिचं नाव 'काठ धर'. आमच्याकडं नदीवर, कालव्यावर, धरणाच्या पाण्यावर पोर उतरलं की वरून आयाबाया हेच ओरडतात, "काठ धर रे!" मी काही नवीन काढलं नाही, त्याचा फक्त नियम केला. तलावात कुणीही असो, लहान, मोठं, पहिला नंबर काढणारं, "काठ धर" हे शब्द कानावर पडले की पोहणं सोडायचं, जवळचा काठ दोन्ही हातांनी धरायचा आणि वर बघायचं. का म्हणून विचारायचं नाही. अजून दोन हात मारतो म्हणायचं नाही. रोजच्या सरावात मी मधेच कधीही ओरडायचो आणि जो धरणार नाही त्याला बाहेर बसवायचो. बागायतदाराच्या नातवालाही बसवलंय. महिनाभरात पोरं अशी तयार झाली, की झोपेत म्हटलं तरी पलंगाची कड धरतील.

त्या पोरांत एक मुलगी होती, तेरा वर्षांची. तिचा बाप जीप चालवायचा. मूळचे डोंगरातले, धरणाच्या वरच्या अंगाचे. त्यानं घोडेगावात खोली घेतली होती आणि डोंगरातल्या गावांना जीपच्या फेऱ्या मारायचा. पहाटे पोरीला फाटकापाशी सोडायचा आणि स्टँडवर गिऱ्हाईक गोळा करायला जायचा. पोरगी काळीसावळी, लांब हातांची, बोलायला कमी. पाण्यात मात्र तिच्यासारखी मी दुसरी पाहिली नाही. पाणी तिच्यासाठी बाजूला सरायचं. बाईनं एकदा घड्याळ बघितलं, परत बघितलं आणि मला म्हणाली, "बाबा, हे घड्याळ बिघडलंय का?"

"घड्याळ तुमचं. पोरगी माझी," मी म्हणालो.

"पोरगी माझी पण आहे हं."

"बरं, खांदे तुमचे, बाकीची माझी."

श्रावण संपता संपता तो जीपवाला फाटकापाशी मला म्हणाला, "बाबा, एक बोलायचं व्हतं. हे साल शेवटचं. जिल्ह्याला नंबर आला, पुढं गेली, तर तिचं नशीब. मी आडवा येणार न्हाई. न्हाई आला तर पोहणं बंद."

"का रं? शाळा बुडती का?"

"शाळा न्हाई बुडत."

"पाहुणे बोलतात? कपड्यांवरनं?"

"पाहुण्यांना मी इचारतो व्हय!" तो म्हणाला. "बंद म्हंजी बंद. तिलाबी सांगितलंय."

कारण सांगेना. मीही खोदून विचारलं नाही. आपला शब्द पुरा करणारा माणूस आहे, हे तोंडावरून दिसत होतं, आणि असल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. मी तसलाच आहे, म्हणून मला कळतं.

त्या दिवसापासून पोरगी कुणी न सांगता जास्तीच्या फेऱ्या मारायला लागली. बाईनं तिला विचारलं, "दमलीस का?" तर म्हणाली, "मॅडम, मला ह्येच एक येतं." बाई त्या दिवशी घड्याळ लावायलाच विसरली.

जिल्ह्याची स्पर्धा पुण्याच्या बाजूला, मोठ्या तलावावर. आमचा तलाव त्याच्या निम्मा. आमची पोरं आत शिरली आणि गपच झाली. एकानं मला हळूच विचारलं, "बाबा, याचा दुसरा काठ कुठंय?" सकाळच्या फेऱ्या झाल्या. आमच्या पोरीची वेळ सगळ्यांत कमी आली. पुण्यातल्या क्लबांच्या मुली टोप्या काढून तिच्याकडं बघत होत्या. दुपारी शेवटची शर्यत, आठ जणींची, जायचं आणि यायचं. पहिल्या दोघी पुढं जाणार.

जेवणाच्या वेळेला जीपवाला आला. एकटा नाही, जीप भरून. मोठा भाऊ, भावजय, मामा, दोन म्हाताऱ्या, शेजारचा दुकानदार. डोंगरातून सकाळी निघाले होते. मामानं येताना हार आणला होता. मी म्हटलं, "पावणं, हार गाडीत ठेवा. आधी पोहू द्या."

पायऱ्यांवर बसलो. पोरी उडी मारायच्या ओट्यांवर येऊन उभ्या राहिल्या. जीपवाल्यानं माझा दंड धरला.

"बाबा, हिला मधी का टाकली?"

"सकाळी सगळ्यांत पुढं व्हती म्हणून. मधली पट्टी मानाची असती."

"मान काय करायचाय! दोन्ही अंगाला काठ न्हाई तिला."

"अरं, पुढं भिंत हाये की."

"ती केवढी लांब हाये, बघा तरी," तो म्हणाला.

मला हसू आलं. मागनं त्याचा मामा म्हणाला, "गप रं, जीप चालवतो का बैलगाडी?" सगळे हसले. तो हसला नाही. त्याचा हात माझ्या दंडावर तसाच होता, आणि थंडगार होता. तिथंच मला कळायला पाहिजे होतं, पण शिट्टी झाली आणि माझं लक्ष पाण्याकडं गेलं.

उडी चांगली पडली. अर्ध्यात आमची पोरगी सगळ्यांच्या पुढं. बाई खाली कठड्यापाशी वाकून उभी, घड्याळ मुठीत. पोरगी श्वासाला तोंड आमच्या बाजूला वळवायची, तेव्हा तिचा एक डोळा चष्म्यातून चमकायचा. भिंत जवळ आली तसे तिचे हात जरा संथ पडले. ते बाईनं शिकवलेलं, वळायच्या आधी अंतराचा अंदाज घ्यायचा असतो. पण ज्याला ठाऊक नाही त्याला वाटावं, पोरगी दमली.

जीपवाला उभा राहिला आणि ओरडला, "काठ धर! काठ धर गं, काठ धर!"

डोंगरातला आवाज. या धारेवरून त्या धारेवर गुरं बोलवायचा आवाज. सबंध तलावावर शेकडो माणसं ओरडत होती, पण हा आवाज त्या सगळ्यांच्या वरनं गेला. पाठोपाठ दोन्ही म्हाताऱ्या उठल्या. त्यांना वाटलं खरंच काहीतरी झालं. त्याही ओरडायला लागल्या, "काठ धर, बाय माझी! काठ धर!"

पोरीनं भिंत धरली. सगळ्यांच्या आधी भिंतीला पोचली होती, वळायचं सोडून दोन्ही हातांनी काठ धरला, डोकं बाहेर काढलं आणि वर बघितलं. शिकवलं होतं तसं, अगदी जसंच्या तसं. शेजारच्या पट्ट्यांतल्या मुली भिंतीला पाय मारून वळल्या आणि गेल्या. ती आम्हाला शोधत होती. काय झालंय, कोण बुडतंय, कुणाला लागलंय, असं तिचं तोंड. बाई किंचाळत होती, "जा! जा!" पण ती बाईकडं बघतच नव्हती. तिनं आधी बापाला बघितलं, मग मला. मी उपरणं हवेत उडवलं आणि हात पुढं केला, निघ. तेव्हा कुठं ती निघाली.

येताना ती कशी आली, ते बघणाऱ्यांनाच विचारा. मी तोंडानं सांगितलं तर फुशारकी वाटेल. मागची असून तिनं पुढच्या एकेकीला गाठलं. पण पाणी संपलं. चौथी आली.

बाईनं पंचांना जाऊन विचारलं. पंच भला माणूस. म्हणाला, "पालक ओरडले म्हणून शर्यत परत होत नाही हो. तसं केलं तर संध्याकाळपर्यंत घरी जाता येणार नाही." बाई परत आली ती डोळे पुसत.

"बाबा, हे तुमच्या काठामुळं झालं."

"माझ्या काठामुळं आपल्या तलावात एकबी पोर दगावलं न्हाई."

"मी कुठं नाही म्हणते? पण शिट्टी ठेवली असती तर?"

"पाण्यात शिट्टीचं काय कळतंय? ती तर इथं घटकाघटकाला वाजती."

"पण 'काठ धर' कुणीही म्हणू शकतं, बाबा. नुसते शब्द आहेत ते."

शब्द चुकीचा होता असं मी आजही म्हणत नाही. तो ज्याच्या तोंडात गेला त्याची अडचण वेगळी होती, आणि ती मला संध्याकाळी कळली.

पोरगी अंग पुसून आली. म्हाताऱ्यांनी भाकरीचं फडकं सोडलं होतं, कुणी हात लावला नव्हता. मामाच म्हणाला, "येवढं डिझेल जाळून आलास ते पोरीला थांबवायला व्हय रं?" जीपवाला पायरीकडं बघत बसला होता. पोरगी त्याच्यासमोर उभी राहिली.

"आप्पा, काय झालं व्हतं?"

"काय न्हाई."

"मग काठ का धरायला लावला?"

"तू मधी व्हती," तो म्हणाला. "हात हळू पडले तुझे."

"मी वळणार व्हते, आप्पा! वळायला हळूच व्हावं लागतं!"

त्यानं मान हलवली. तेरा वर्षांची पोरगी, पण रडली नाही. ओली टोपी पिळत राहिली. टोपीत पाणी उरलं नव्हतं तरी पिळत राहिली.

बाई बाकीच्या पोरांना घेऊन एसटीनं आली. मी जीपनं. पोरगी पुढं बापाशेजारी, मी तिच्या पलीकडं, दाराला. मागं सगळे पाहुणे आणि तो हार. चाकण गेलं, खेड गेलं. घाटाच्या वर त्यानं चहाला जीप थांबवली. पाहुणे टपरीकडं गेले. आम्ही तिघं बॉनेटपाशी उभे.

"बाबा," तो म्हणाला, "ठरलं व्हतं ते ठरलं व्हतं. उद्यापासनं न्हाई येणार ती."

"नंबर तिनं घालवला न्हाई."

"म्हाईत हाये. मी घालवला."

"मग?"

"म्हणूनच बंद. पुढच्या साली मी परत ओरडंन. मला ऱ्हावणार न्हाई." मग म्हणाला, "मी फाटकाच्या आत कधी आलो का, बाबा? हिला सोडतो न् जीपचं तोंड फिरवतो. हिचा मोबाईल येतो, 'आप्पा, झालं', तवा मी पहिला चहा पितो."

मी विचारलं, "तुला पोहायला येतं?"

"पाय न्हाई घातला कधी."

मग त्यानं सांगितलं. तो लहान असताना धरणात पाणी साठायला लागलं. खालचं त्यांचं घर सोडून वर उतारावर गवती छपराच्या झोपडीत येऊन राहिले होते. पाणी रोज वर चढायचं. एक बांध गेला, दुसरा गेला, मग भाताची खाचरं गेली, मग आंब्याचा बुंधा. आई दिवसभर पोरांवर ओरडायची, काठ सोडू नका. "पर काठच रोज नवा असायचा, बाबा," तो म्हणाला. "काल जिथं उभं ऱ्हायलो, तिथं आज पाणी. कुठला धरायचा?"

पोरगी त्याच्याकडं बघत होती. तिनं हे कधी ऐकलेलं नव्हतं. मी एवढं आयुष्य पाण्यात काढलं, पण चढणारं पाणी काठावर उभं राहून मीही कधी बघितलं नव्हतं. आमच्याकडचं पाणी विहिरीत राहतं, उन्हाळ्यात खाली जातं. आम्ही त्याच्यामागं जातो, ते आमच्यामागं येत नाही.

त्याची समजूत काढायला मला चार शब्द सुचले असते, पण समजूत काढणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हणालो, "सकाळी हिला घेऊन ये. तूबी ये. अर्धी चड्डी घेऊन ये."

"मी?"

"एकदा पाण्यात उतर. मग तिथं उभं ऱ्हाऊन बंद म्हण. पाण्यात पाय न घातलेल्या माणसाचा पाण्याबद्दलचा हुकूम मी न्हाई ऐकत."

"बाबा, मी चाळिशीचा झालो."

"मी एकाहत्तरचा हाये. माझ्यापुढं तू पोरगंच की."

पोरगी फस्सकन हसली. दिवसभरात पहिल्यांदा. बाप तिच्यावर डाफरला, "हसाया काय झालं?" पण 'नाही' असं काही म्हणाला नाही. चहा संपवला, पेला विसळून ठेवला आणि जीप चालू केली. मी दारात उतरलो तेव्हा मामानं हार माझ्या हातात दिला, म्हणाला, "आता कुणाला तरी घाला." मी तो घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा गेलो. रात्री वारा होता, पाण्यावर पानं पडली होती, ती जाळीनं काढली. पोरं आली. बाई आली, माझ्याशी बोलली नाही, मी तिच्याशी नाही. मग जीप आली. फाटकापाशी थांबली, पोरगी उतरली आणि जीपचं तोंड फिरायला लागलं. मी पुढं गेलो, खिडकीतून हात घातला, चावी फिरवून काढली आणि कोपरीच्या खिशात टाकली.

"बाबा, स्टँडवर गिऱ्हाईक उभं आसंल."

"उभं ऱ्हाऊ दे. चड्डी आणली का?"

त्यानं सीटखालून पिशवी काढली. म्हणजे आणली होती.

फाटकातून आत आला तो भिंतीला धरून. पोरं बघायला लागली. तलावाच्या उथळ अंगाला पायऱ्या आहेत, तिथं मी त्याला बसवला आणि पाय पाण्यात सोडायला लावले. पाय काढून घेतले, परत सोडले. पोरगी ओट्यावर उभी, बापाकडं बघत, उडी मारेना.

"तिला काय सांगायचं ते आता सांग," मी म्हणालो.

त्यानं पाण्याकडं बघितलं, मग पोरीकडं. म्हणाला, "आधी हिला सोडा, बाबा. मग मी."

बाईनं शिट्टी वाजवली. पोरीनं सूर मारला. तिचं पाणी बापाच्या तोंडावर उडालं आणि तो डोळे मिटून तसाच बसला, पण उठला नाही. मी कोपरी काढली, पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो, त्याचे दोन्ही हात धरून त्याला खाली घेतला आणि पोरांना म्हणालो, "जरा पलीकडं सरका रे, नवीन पोर आलंय."